चार चाकांपैकी एक हवेत: मसल कारच्या मॉडेलचा डगमग कसा काढायचा

रंगाला चकाकी आली, बॉनेटवरचे पट्टे सरळ बसले, बंपर लागले. गाडी टेबलावर ठेवली आणि डाव्या पुढच्या चाकाखालून उजेड दिसला. प्लास्टिकच्या किटमधून १:२५ किंवा १:२४ मापाची मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी) बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. माझ्या स्वतःच्या आणि इतरांनी आणून दिलेल्या मॉडेलांत हा एकच दोष मी इतक्या वेळा काढला आहे की आता तपासण्याचा क्रम हाताला पाठ झाला आहे. तोच इथे देतो.

आधी लक्षणं. आपल्या गाडीत यातलं नेमकं काय दिसतं ते ठरवा:

- एक चाक हवेत राहतं. त्यावर बोट ठेवलं की ते टेकतं आणि कर्णातलं समोरचं चाक उचलतं. गाडी डुगडुगते.
- चारही चाकं टेकतात, पण एका बाजूला चाक आणि मडगार्डची कमान यांत बोट जाईल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला टायर कमानीला घासतो.
- एक चाक खालून आत किंवा बाहेर कललेलं दिसतं.
- कमानीच्या मधोमध चाक नाही, पुढे किंवा मागे सरकलेलं आहे.
- बॉनेट नीट बंद होत नाही आणि त्याच बाजूचं चाक उचललेलं आहे. ही दोन लक्षणं एकत्र आली तर कारण बहुतेक वेळा एकच असतं. ते पुढे येईल.

नाक खाली आणि शेपूट वर, किंवा उलटं, एवढंच असेल तर तो दोष समजू नका. साठच्या दशकात ड्रॅग रेसच्या गाड्या पुढून उंच केलेल्या असत, सत्तरच्या दशकात रस्त्यावरच्या मसल कार मागून उचलण्याची फॅशन होती. पुढचं-मागचं अंतर ही आवडीची गोष्ट आहे. डावं-उजवं अंतर हा दोष.

हवेतलं चाक दोषी असेलच असं नाही

हे आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. तीन पायांची तिपाई कधी डगमगत नाही. चौथा पाय आला की डगमग सुरू होते. डावं पुढचं चाक हवेत असेल तर गाडी उजवं पुढचं आणि डावं मागचं या कर्णावर झुलते आहे. म्हणजे शक्यता चार: डावं पुढचं वर आहे, किंवा उजवं मागचं वर आहे, किंवा उजवं पुढचं खाली आहे, किंवा डावं मागचं खाली आहे. डोळ्यांना मात्र एकच दिसते आणि माणूस त्याच चाकावर ब्लेड चालवतो. म्हणून दोष कुठे आहे ते खालच्या तपासण्यांतून कळेपर्यंत काही कापायचं नाही, घासायचं नाही.

फुकटच्या तपासण्या

पहिली तपासणी टेबलाची. लाकडी टेबल, कटिंग मॅट, प्लायवूड यांतलं काहीही खरं सपाट नसतं. जाड काचेचा तुकडा किंवा आरसा घ्या, त्यावर गाडी ठेवा. मग गाडी तिथेच अर्धी फिरवून पुन्हा ठेवा. पहिल्यांदा डावं पुढचं चाक हवेत होतं आणि फिरवल्यावर दुसरंच कुठलं उचललं, तर दोष पृष्ठभागाचा आहे, गाडी ठीक आहे. डगमग गाडीबरोबर फिरली तरच पुढे जा. प्लास्टिकचं मॉडेल वजनाने इतकं हलकं असतं की ते स्वतःच्या भाराने बसत नाही; धातूच्या डायकास्ट गाडीत झाकली जाणारी किंचित पीळही इथे उघडी पडते.

मग फट मोजा. छपाईच्या साध्या ८० जीएसएम कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. कागदाच्या बारीक पट्ट्या कापा आणि हवेतल्या चाकाखाली एकेक सरकवत जा, डगमग थांबेपर्यंत. चार पट्ट्या लागल्या तर फट ०.४ मिमी. १:२५ मापात ती खऱ्या गाडीत १ सेंमी भरते, म्हणून डोळ्याला एवढी खुपते. एका पट्टीवर डगमग थांबत असेल तर मी हात लावत नाही. दोन किंवा जास्त लागल्या तर काम करायचं. आकडा लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीनंतर तो कमी झाला की नाही, यावरूनच कारण सापडतं.

आता चाकं. किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर रिमवर पूर्ण बसलेले नसणं हे सगळ्यात सोपं आणि बऱ्याचदा सापडणारं कारण आहे. टायरची आतली कड एका बाजूला रिमच्या खाचेत शिरते, दुसऱ्या बाजूला वर चढून राहते. टायर काढून कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ झाला की बोटांनी फिरवत फिरवत दाबा. साच्याची रेघ टायरच्या मधोमध उठून आली असेल तर बारीक काचपेपरवर हलक्या हाताने काढा. खोक्यात दाबून राहिलेल्या टायरला एका जागी चपटेपणाही येतो. तो टायर थोडा फिरवून पाहिला की कळतो. मसल कारच्या किटमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा मोठे असतात, कधी एकाच किटमध्ये दोन-तीन जोड्या येतात आणि त्यात पुढचा एक मागच्या जोडीत जातो. चौघांचे व्यास एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

शेवटी अदलाबदल: पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला. फट चाकाबरोबर गेली तर दोष चाकात. फट तिथेच राहिली तर चाकं निर्दोष, आता त्यांना विसरा.

व्हिनाइलच्या टायरबद्दल आणखी एक. या टायरमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि पॉलिस्टायरीनचं रिम विरघळवतो. जुन्या मॉडेलमध्ये टायर काढला की रिमची कड चिकट आणि खाल्लेली सापडते, चाक एका बाजूला बसलेलं असतं. असं दिसलं तर रिम बदलणं हाच उपाय. नवं रिम बसवताना त्याच्या बाहेरच्या कडेवर रंगाचा किंवा पातळ धातूच्या पट्टीचा थर मध्ये ठेवा.

बॉडी काढून पाहा

बॉडी चॅसिसला (गाडीच्या तळाच्या सांगाड्याला) गोंदाने कायमची चिकटवलेली नसेल तर ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि अर्ध्याहून जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं. बॉडी उचला. नुसता चॅसिस चाकांसकट काचेवर ठेवा.

चॅसिस चारही चाकांवर टेकला तर दोष बॉडी किंवा आतल्या डब्यात (सीट बसतात त्या तुकड्यात) आहे. चॅसिस चांगला आहे आणि बॉडी त्याला वरून पिळते आहे. चॅसिस एकटाही डगमगला तर पुढचा भाग सोडून थेट 'चॅसिसच डगमगतो' या मथळ्याकडे जा.

१९७० ची डॉज चॅलेंजर मी बांधत होतो, ४२६ हेमी इंजिनाची. डावं पुढचं चाक पाच पट्ट्यांनी वर. तेव्हा हा क्रम मला ठाऊक नव्हता. मी पुढच्या सस्पेन्शनचा जोड सोडवला, चाक खाली आणलं, पुन्हा चिकटवलं. गाडी टेकली. दुसऱ्या दिवशी बॉडी काढावी लागली आणि चॅसिस उघडा पडला तर आता तोच उलटा डगमगत होता. खरं कारण उजव्या मागच्या कोपऱ्यात होतं. सीटचा डबा चाकाच्या खोबणीवर टेकतो तिथे स्प्रूचा (किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) दाण्याएवढा उंचवटा राहिला होता. तो डब्याला वर ढकलत होता, डबा बॉडीला, आणि बॉडीचा पुढचा टोक चॅसिसला दाबून पिळत होता. एका फुटक्या दाण्यासाठी मी एक धड सस्पेन्शन मोडून पुन्हा जोडलं होतं.

बॉडी कुठे टेकते ते शोधायला डोळे पुरत नाहीत. पोस्टर कलरचा थोडा घट्ट ओलसर थर आतल्या डब्याच्या कडांवर, चाकांच्या खोबणीच्या वरच्या बाजूला आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या) माथ्यावर लावा. बॉडी बसवून हलकेच दाबा आणि उचला. रंगाचा ठसा जिथे उमटला तिथे भाग एकमेकांना लागतात. ठसा दोन्ही बाजूंना सारखा असेल तर ठीक; एकाच बाजूला दाट ठसा असेल तर शोध तिथे संपला. रंग ओला असतानाच पाण्याने पुसून घ्या.

मला नेहमी सापडलेल्या जागा या: डब्याचा मागचा कोपरा आणि चाकाची खोबण. मागच्या बंपरखालच्या पट्टीमागे चिकटलेलं सायलेन्सरचं टोक. पुढच्या ग्रिलमागची रेडिएटरची पट्टी. फायरवॉलला लागणारा इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर किंवा होज. शिवाय बॉडीच्या आतल्या कडांवर साचलेला रंग. प्रायमर, रंग, क्लिअर असे तीन-चार थर आतल्या कडेवर पडले की जुळणीची सगळी मोकळीक संपते. बॉडीचा आतला भाग मास्किंग टेपने झाकून रंगवला की हे कारण पुढे उरतच नाही.

इंजिन बदललेलं असेल तर बॉनेट आणि चाकाचं लक्षण एकत्र येतं. मोठं इंजिन अरुंद जागेत बसवलं की व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) बाजूच्या शॉक टॉवरला (पुढच्या सस्पेन्शनचा वरचा भाग धरणाऱ्या उंचवट्याला) टेकतं, इंजिन तिरकं बसतं आणि चॅसिसला एका बाजूला दाबतं. खऱ्या गाड्यांतही हे घडलं आहे: १९६९ च्या बॉस ४२९ मस्टँगमध्ये ते रुंद इंजिन मावावं म्हणून पुढचे शॉक टॉवरच बदलावे लागले. तेव्हा मॉडेलमध्ये टॉवरच्या आतल्या बाजूने थोडं घासायला संकोच करू नका. घासण्याआधी इंजिन काढून गाडी टेकवून पाहा. टेकली की खात्री झाली.

स्क्रूने जोडल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये स्क्रू पूर्ण सैल करा, गाडी काचेवर ठेवा आणि मग कर्णाने थोडे थोडे आवळा. एका कोपऱ्याचा स्क्रू आधी घट्ट केला की तोच पीळ देतो.

चॅसिसच डगमगतो

आता पुढे की मागे, हे ठरवायचं. मागची दोन्ही चाकं दाबून धरायला एक छोटं वजन मागच्या ॲक्सलच्या वर ठेवा. मग चॅसिसच्या कडेची काचेपासूनची उंची चार जागी मोजा: मागच्या ॲक्सलजवळ डावी-उजवी, पुढच्या चाकांजवळ डावी-उजवी. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर कागदाच्या पट्ट्या आणि प्लास्टिकच्या कापलेल्या पट्ट्या रचूनही मोजता येतं.

मागे उंची सारखी, पुढेही सारखी, तरी पुढचं चाक हवेत: दोष पुढच्या सस्पेन्शनमध्ये, बहुधा स्टब ॲक्सल (एका चाकापुरता आखूड दांडा) तिरका चिकटलेला.
मागे सारखी, पुढे वेगळी: चॅसिसला पीळ.
मागेच वेगळी: मागचा ॲक्सल किंवा त्याचे पाटे.

पीळ काढणं हे गरम पाण्याचं काम आहे. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास नरम पडतं, म्हणून उकळतं पाणी नको. त्यात चॅसिस सैल होऊन भलताच आकार घेतो. साठ-पासष्ट अंशांचं पाणी घ्या. चाकं, इंजिन, डिकल, जे निघेल ते काढा. चॅसिस अर्धा मिनिट बुडवा, दोन्ही टोकं धरून पिळाच्या उलट दिशेला हवं त्यापेक्षा किंचित जास्त वळवा आणि तसाच धरून थंड पाण्यात घाला. काचेवर ठेवून पाहा. एका वेळी थोडं, तीन-चार वेळा. पीळ एका झटक्यात काढायला गेलं की मधला ट्रान्समिशनचा उंचवटा तडकतो. रंगवलेल्या चॅसिसवर हे केलं तर रंगावर बारीक भेगा येण्याची तयारी ठेवा. म्हणून नव्या किटमध्ये मी ही तपासणी प्रायमरच्या आधी करतो: स्प्रूतून कापलेला कोरा चॅसिस काचेवर पालथा आणि उताणा ठेवून.

मागचा ॲक्सल. कॅमॅरो, मस्टँग, चॅलेंजर, चार्जर यांच्या मागे लीफ स्प्रिंगचे पाटे असतात, आणि मॉडेलमध्ये ते बहुतेक वेळा दोन वेगळे तुकडे. एक पाटा खाचेत पूर्ण शिरला, दुसरा गोंदाच्या थेंबावर तरंगत राहिला की ॲक्सल तिरका. इथे गोंदाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पातळ सिमेंटमध्ये ब्यूटाइल ॲसिटेट, ॲसिटोन यांसारखे द्रव असतात. ते दोन्ही तुकड्यांचं प्लास्टिक विरघळवून एकमेकांत मिसळतात. दहा मिनिटांत जोड घट्ट वाटतो, पण आतलं प्लास्टिक कित्येक तास मऊच असतं. त्या अवस्थेत गाडी तिरकी आडवी ठेवली तर जोड त्याच तिरकेपणात घट्ट होतो. डगमगणाऱ्या मॉडेलांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट इतकीच असते: बांधणारा जोड चांगले करतो आणि गाडी वाळायला बाजूवर टेकवून झोपायला जातो.

म्हणून सस्पेन्शन चिकटवलं की लगेच चारही चाकं (तात्पुरती, गोंद न लावता) घालायची, चॅसिस काचेवर उभा करायचा, वर थोडं वजन, बाजूला टेपने आधार, आणि २४ तास हात लावायचा नाही. जोड मऊ असतानाच चाकं काचेवर आपोआप टेकतात.

जुना तिरका जोड सोडवायचा असेल तर आधी कोणता गोंद आहे ते ओळखा. सिमेंटचा जोड म्हणजे वितळून एक झालेलं प्लास्टिक. ते सुटत नाही, बारीक करवतीने किंवा पातळ ब्लेडने जोडाच्या रेषेवरूनच कापावं लागतं. जोडाला पुन्हा थोडं पातळ सिमेंट लावून मऊ करणं कधी जमतं, पण आजूबाजूचं नक्षीकाम जातं. सुपरग्लूचा जोड मात्र थंडीत ठिसूळ होतो: तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि जोडाशी ब्लेडचं टोक हलकेच दाबा, बऱ्याचदा कडक आवाज येऊन सुटतो. सुपरग्लू काढायचे द्रव वापरू नका. त्यांत बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ते पॉलिस्टायरीनच वितळवतं.

चाक कमानीच्या मधोमध नसेल तर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) दोन्ही बाजूंनी मोजा. खऱ्या चॅलेंजरचा व्हीलबेस ११० इंच. १:२५ मध्ये १११.८ मिमी. १९६८ च्या चार्जरचा ११७ इंच, म्हणजे ११८.९ मिमी. कॅमॅरो आणि साठच्या दशकातली मस्टँग १०८ इंच, १०९.७ मिमी. एकूण मापात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, पण डावा-उजवा फरक अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर मागचा ॲक्सल तिरपा चिकटलाय.

गाडी खाली केली असेल तर

गाडी खाली बसवण्याच्या नादात डगमग आलेली मॉडेलं वेगळी ओळखू येतात, कारण त्यांत दोन बाजू वेगवेगळ्या दिवशी केलेल्या असतात. खऱ्या गाडीत २ इंच खाली म्हणजे १:२५ मध्ये २ मिमी. डाव्या बाजूला २ आणि उजव्या बाजूला १.८ कापलं की दोन कागद गेले. उपाय असा: प्लास्टिकच्या एकाच पट्टीतून दोन्ही बाजूंचे ठोकळे कापा, दोघांना टेपने एकत्र बांधून एकदमच घासा. पुढच्या स्टब ॲक्सलऐवजी १ मिमी पितळेची तार आरपार घातली तर दोन्ही चाकं एकाच रेषेत येतात आणि डावं-उजवं जुळवण्याचं कामच राहत नाही. चाकं फिरणार नाहीत किंवा वळणार नाहीत, पण काचेच्या कपाटातल्या गाडीसाठी मी हा सौदा आनंदाने करतो.

तारेची ॲक्सल असलेल्या किटमध्ये तार काढून काचेवर लोळवा. ती वाकडी असेल तर लोळताना मध्ये उजेड दिसतो. सरळ करत बसू नका, नवी तार कापा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

वरचं सगळं करूनही दोन पट्ट्यांपेक्षा जास्त फट उरली आणि बॉडी स्वतःच पिळलेली असल्याचं दिसलं, तर रंगवलेल्या, काचा लागलेल्या बॉडीवर गरम पाणी नको. छताला धरणारे पुढचे खांब बारीक असतात, ते तुटले की रंगासकट पुन्हा उभं करणं जुन्या मॉडेलांची दुरुस्ती करणाऱ्या कसबी माणसाचं काम आहे.

पन्नासच्या दशकातली डीलरची प्रमोशनल मॉडेलं सेल्युलोज ॲसिटेटची असत आणि ती वर्षानुवर्षं आपोआप वाकत जातात. त्यांच्यावर पॉलिस्टायरीनचं सिमेंट किंवा वरचा गरम पाण्याचा प्रयोग करायचा नाही. उत्पादन थांबलेलं, न उघडलेलं, किंवा कुणाच्या घरातलं आठवणीचं मॉडेल असेल तरीही नाही.

जस्ताच्या मिश्रधातूच्या डायकास्ट गाडीत चाक उचललेलं आहे आणि धातूवर बारीक भेगांचं जाळं किंवा फुगवटा दिसतोय, तर तो जस्ताचा आतून होणारा ऱ्हास आहे. मिश्रधातूतल्या शिश्यासारख्या अशुद्धीमुळे तो सुरू होतो आणि थांबवता येत नाही. वाकवायला गेलात तर हातात तुकडे येतील.

रेझिनच्या बॉडीत कमान किंवा चाकाची खोबण मोठी करायची असेल आणि तुमच्याकडे कणांसाठीचा मास्क व हवेशीर जागा नसेल, तर तेही दुसऱ्याकडे द्या. रेझिनची धूळ फुप्फुसात जायला नको.

मॉडेल देताना सोबत एक कागद द्या: काचेवर मोजलेली फट किती पट्ट्यांची, कोणतं चाक, नुसता चॅसिस टेकतो की नाही, कोणत्या जोडाला कोणता गोंद लावला. सुटलेले बारीक तुकडे डबीत घालून द्या, अगदी स्प्रूचा दाणाही.